जुनी फियाट की लँडमास्टर? सोलापुरात अभिजात मोटार पारखून घेण्याची आणि चालती ठेवण्याची रीत

१९५० ते १९६५ या काळातली एखादी मोटार घ्यावी, ती आपल्या दारात असावी आणि केवळ शोभेची न राहता रस्त्यावर धावावी, असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. सुरुवातीलाच एक गोष्ट ठामपणे सांगावीशी वाटते. जुनी गाडी घेताना इंजिनाकडे नंतर आणि पत्र्याकडे आधी पाहावे. इंजिन बसलेले असेल तर बोअरिंग, रिंग-पिस्टन, व्हॉल्व्ह ग्राइंडिंग, हेड फेसिंग ही कामे सोलापुरात होतात, कारण यंत्रमागांच्या सुट्या भागांवर हात बसलेले लेथ कारागीर या शहरात पूर्वीपासून आहेत. पण सडलेला पत्रा कापून त्या जागी मूळ घडणीचा पत्रा बसवणारा हात दुर्मीळ आहे, आणि तो मिळालाच तर त्याच्या कामाचा खर्च कित्येकदा गाडीच्या किमतीवर जातो. सोलापूरची हवा वर्षातले बरेच महिने कोरडी असते आणि पाऊसही बेताचाच पडतो, त्यामुळे ज्या गाडीचे आयुष्य सोलापूर, विजापूर, लातूर, कलबुर्गी या पट्ट्यात गेले आहे तिचा पत्रा मुंबईत किंवा कोकणात वाढलेल्या गाडीपेक्षा बहुधा चांगला निघतो. म्हणून मुंबईची चकचकीत रंगवलेली गाडी आणि बार्शीकडच्या वाड्यात धूळ खात पडलेली बंद गाडी अशा दोन गाड्या समोर असतील, तर आधी दुसरी पाहायला जावे.

कोणती गाडी निवडावी

सोलापूरकराचा ओढा फियाटकडे असणे स्वाभाविक आहे. वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ साली सोलापुरात झाला. त्यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात आधी डॉज, प्लिमथ, डिसोटो या अमेरिकी गाड्यांची जुळणी होऊ लागली. पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी करार झाला आणि १९५० च्या दशकात फियाट ११०० येथे तयार होऊ लागली, पण ती रस्तोरस्ती दिसू लागण्याआधीच, १९५३ साली, वालचंद गेले. हा अभिमान बाजूला ठेवला तरी पहिली जुनी गाडी म्हणून फियाट घेण्याचे व्यावहारिक कारण पक्के आहे. १०८९ सीसीचे हे इंजिन १९६४ च्या डिलाइटमधून पुढे प्रीमियर पद्मिनीपर्यंत आले आणि पद्मिनीचे उत्पादन २००० सालाच्या सुमारापर्यंत चालू होते. त्यामुळे पंप, क्लच प्लेट, ब्रेकचे रबर, पॉइंट असे रोज लागणारे भाग अजून मिळतात. पत्रा, काचा, दिवे आणि चकाकी पट्ट्या मात्र प्रत्येक मॉडेलच्या वेगळ्या आहेत, आणि पुढची दारे उलटी उघडणाऱ्या पहिल्या मॉडेलच्या, म्हणजे डुक्कर फियाटच्या, या वस्तू शोधणे हे स्वतंत्र काम आहे. अशी गाडी घेताना एखादी चकाकी पट्टी किंवा दिव्याची कडी नसेल, तर तिची किंमत व्यवहारातून आधीच वजा करावी.

हिंदुस्थान मोटर्सच्या उत्तरपाडा कारखान्यातून आलेली लँडमास्टर ब्रिटनच्या मॉरिस ऑक्सफर्डच्या दुसऱ्या मालिकेवर आणि अँबेसेडर तिसऱ्या मालिकेवर आधारलेली आहे. अँबेसेडरचे उत्पादन २०१४ पर्यंत चालल्याने तिच्या भागांची चिंता सर्वांत कमी आहे, आणि घरातली सहा माणसे बसवून पंढरपूरला जायचे असेल तर तिच्याइतकी ऐसपैस दुसरी गाडी नाही. मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीची हेरल्ड १९६१ साली आली. तिचे बॉनेट मडगार्डांसह पुढे कलंडते आणि इंजिनाला तिन्ही बाजूंनी हात घालता येतो, त्यामुळे स्वतः काम करू इच्छिणाऱ्याला ती फार आवडते. तिचे भाग मात्र धीराने शोधावे लागतात. विलीज जीपचा पत्रा सपाट असल्याने तो येथेही बनवून घेता येतो. शेव्हरोले, डॉज, ब्यूक अशा मोठ्या अमेरिकी गाड्या पाहायला सुंदर असल्या, तरी पहिली गाडी म्हणून त्या घेऊ नयेत असे माझे स्पष्ट मत आहे.

पत्रा कसा पाहावा

गाडी पाहायला सकाळच्या उन्हात जावे आणि मालकाला ती धुऊन ठेवू नका असे आदल्या दिवशीच सांगावे. सोबत टॉर्च, बोथट स्क्रू ड्रायव्हर, गुडघ्याखाली घालायला पोते आणि पातळ कापडात गुंडाळलेले एक लहान लोहचुंबक असावे. चुंबक प्रत्येक मडगार्डच्या कडेवरून, दारांच्या खालच्या चार बोटांवरून आणि डिकीच्या ओठावरून सावकाश फिरवावे. जेथे ते धरत नाही तेथे रंगाखाली पुट्टी आहे. लहानसा डाग चिंतेचा नाही, कारण साठ वर्षांत एखादी ठोकर बसणारच, पण दाराची संपूर्ण खालची कड चुंबकाला दाद देत नसेल तर तेथे पत्राच उरलेला नाही असे समजावे.

फियाट आणि अँबेसेडर या दोन्ही गाड्यांना वेगळी चेसिस नसते, सगळा भार पत्र्याच्या सांगाड्यावरच असतो. म्हणून दाराखालची पोकळ सिल आणि पायाखालची जमीन पाहणे सर्वांत महत्त्वाचे आहे. रबरी मॅट उचलावी, खालचा तागाचा थर बाजूला करावा आणि स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने जमिनीवर एकेक वीत अंतरावर ठोकत जावे. निकोप पत्रा खणखणीत वाजतो आणि सडलेला पत्रा बद्द आवाज देतो. सुट्या चाकाच्या खड्ड्यात बोट फिरवावे, कारण मागच्या काचेच्या रबरातून झिरपलेले पाणी तेथेच साचते.

डुक्कर फियाटची एक परीक्षा कधीही चुकवू नये. या गाडीची पुढची आणि मागची दोन्ही दारे मधल्या एकाच खांबावर टांगलेली असतात, त्यामुळे साठ-पासष्ट वर्षे चार दारांचे वजन त्या दोन खांबांनी पेलले आहे. पुढचे दार अर्धे उघडावे, कुलपाच्या बाजूची खालची कड दोन्ही हातांनी धरावी आणि दार हलकेच वर उचलून पाहावे. बिजागरीच्या खिळ्यात किंचित ढिलाई जाणवली तर ते काम सोपे आहे, लेथवर नवा खिळा करून घेता येतो. पण दार उचलताना बंद असलेल्या मागच्या दाराची फटही त्याच वेळी लहानमोठी होऊ लागली, तर खांबच हलतो आहे आणि त्याचे मूळ सिलमध्ये सडले आहे. अशी गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी सोडून द्यावी.

अँबेसेडरमध्ये पुढच्या सस्पेन्शनच्या टॉर्शन बारची, म्हणजे पिळून स्प्रिंगचे काम करणाऱ्या दांड्यांची, मागची टोके जमिनीखालच्या आडव्या पट्टीत अडकवलेली असतात. ती पट्टी खालून टॉर्च मारून पाहावी. गाडी सपाट जागी उभी असताना पुढून एका बाजूला झुकलेली दिसत असेल, तर बार थकलेला आहे किंवा पट्टी सडलेली आहे, आणि यातले नेमके काय आहे ते कळल्याशिवाय पैसे देऊ नयेत. हेरल्डला स्वतंत्र चेसिस असते, म्हणून तिची चेसिस आणि तिला बाहेरच्या अंगाला जोडलेले आडवे आधार तपासावेत.

इंजिन, गिअर आणि कागदपत्रे

इंजिन पूर्ण थंड असतानाच चालू करून पाहावे, आणि आपण येण्याआधी मालकाने ते गरम करून ठेवले असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे. सुरू होताच निळसर धूर आला आणि थोड्या वेळात थांबला तर व्हॉल्व्हच्या बाजूने ऑइल उतरते आहे. धूर सतत येत राहिला तर रिंगा झिजल्या आहेत. रेडिएटरचे झाकण इंजिन थंड असतानाच उघडावे, आत तेलाचा तवंग किंवा ऑइलच्या काडीवर दुधाळ फेस दिसला तर हेड गॅस्केट गेले आहे. फियाटचे हेड अॅल्युमिनियमचे असल्याने तापून वाकण्याचा धोका तिला अधिक आहे. स्टिअरिंगजवळच्या गिअरच्या दांड्यात खेळ असणे हे झिजलेल्या बुशांचे लक्षण आहे आणि ते काम किरकोळ आहे. गिअर लागल्यावर आपोआप सुटत असेल तर मात्र गिअरबॉक्स उघडावी लागेल.

कागदांच्या बाबतीत घाई करू नये. आरसी बुकावरचा चेसिस क्रमांक आणि इंजिन क्रमांक गाडीवरच्या क्रमांकांशी स्वतः जुळवून पाहावेत, पाटीच्या रिबिटा नव्या दिसतात का हेही पाहावे. एमएच मालिका येण्याआधीच्या क्रमांकाच्या कित्येक गाड्यांची नोंद संगणकावर चढलेलीच नसते. ती जुन्या नोंदवहीवरून चढवून घेतल्याशिवाय हस्तांतर होत नाही, म्हणून हे काम विकणाऱ्याच्या नावावर असतानाच, त्याच्याकडूनच, पूर्ण करून घ्यावे. गाडी जेथे नोंदलेली आहे त्या कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र, कर भरल्याच्या पावत्या आणि कर्जाचा बोजा नसल्याची खात्री या गोष्टी व्यवहाराआधीच हाती असाव्यात.

२०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक झालेल्या आणि मूळ चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल न केलेल्या खासगी दुचाकी-चारचाकी गाडीला व्हिंटेज म्हणून नोंदता येते. अशा गाडीला क्रमांकात व्हीए ही अक्षरे मिळतात आणि नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती १० वर्षे चालते. मात्र अशी नोंदणी घेतल्यावर गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, दुरुस्ती अशा कारणांसाठीच तिला परवानगी असते. ज्यांना सुटीच्या दिवशी अक्कलकोटला सहज जाऊन यायचे आहे, त्यांनी साधी नोंदणी टिकवून वेळोवेळी तिचे नूतनीकरण करावे आणि पर्यावरण कर भरावा, हेच मला अधिक योग्य वाटते, कारण गाडी जितकी चालते तितकी ती निरोगी राहते.

बंद गाडी पुन्हा सुरू करताना

वर्षानुवर्षे उभी असलेली गाडी घरी आणल्यावर बॅटरी जोडून लगेच सेल्फ मारण्याचा मोह सर्वांना होतो, आणि अनेक चांगली इंजिने याच मोहात खराब झाली आहेत. सिलिंडरच्या भिंतीवर त्या काळात गंजाचा बारीक थर बसलेला असतो, आणि कोरड्या रिंगा त्यावरून जोराने ओढल्या की भिंतीवर चरे पडतात. म्हणून आधी चारही प्लग काढावेत, प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडावे आणि गाडी रात्रभर तशीच ठेवावी. दुसऱ्या दिवशी गाडी न्यूट्रलमध्ये घालून, इग्निशन बंद ठेवून, पुढून हँडल लावून इंजिन हाताने फिरवावे. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवावा, त्याची मिठी दांड्याभोवती घालू नये, कारण पुढे कधी प्लग बसवलेले असताना इंजिनाने उलट झटका दिला तर अंगठा मोडतो. हँडल कोठे अडले तर जोर लावू नये, आणखी ऑइल सोडून दोन दिवस वाट पाहावी.

इंजिन मोकळे फिरू लागले की जुने ऑइल काढून २०डब्ल्यू-५० दर्जाचे नवे ऑइल भरावे, फिल्टर बदलावा किंवा त्याची जाळी धुवावी, आणि प्लग न बसवताच सेल्फवर थोडे थोडे फिरवून ऑइलचा दाब तयार होऊ द्यावा. जुने पेट्रोल पूर्ण काढून टाकावे, त्याला वार्निशसारखा वास येत असेल तर टाकी उतरवून आतून धुऊन घेणे भाग आहे. आता पंपांवर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते जुन्या रबराला मऊ करते आणि हवेतली ओल ओढून घेते. त्यामुळे टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचे सर्व रबरी पाइप आणि गाडीच्या पेट्रोल पंपातला पडदा इथेनॉल सहन करणाऱ्या रबराचे बसवावेत. हा खर्च टाळू नये, कारण गरम एक्झॉस्टजवळ गळणारा पाइप म्हणजे आगीला आमंत्रण आहे. नंतर प्लगना ठिणगीची वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट साफ करून त्यांतील अंतर फीलर गेजने सुमारे ०.४ मिलिमीटर ठेवावे, कंडेन्सर नवा घालावा आणि मगच प्लग बसवून गाडी सुरू करावी.

गाडी सुरू झाली तरी ती जागेवरून हलवण्याआधी ब्रेकचे काम पूर्ण झालेच पाहिजे. या गाड्यांना चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत आणि ब्रेकचे तेल हवेतली ओल शोषून घेते, त्यामुळे उभ्या गाडीत व्हील सिलिंडर आतून गंजून अडकतात. सर्व रबरे बदलून नवे डॉट ३ तेल घालावे आणि ते दर दोन वर्षांनी बदलावे. टायरवर कितीही नक्षी शिल्लक दिसली तरी त्याच्या बाजूवरचा चार आकडी शिक्का वाचावा, त्यातले पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे असतात. असा शिक्काच नसेल तर तो टायर २००० सालापूर्वीचा असण्याचा संभव आहे आणि त्यावर गाडी चालवू नये.

सोलापूरचा उन्हाळा

येथे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो, आणि गाडी तापते ही तक्रार बहुतेक जुन्या गाड्यांबद्दल ऐकू येते. दोष सहसा उन्हाचा नसतो. रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षे बोअरचे जड पाणी ओतलेले असते, त्यातल्या क्षारांचा पापुद्रा नळ्यांत आणि ब्लॉकच्या पाणमार्गात बसतो आणि उष्णता बाहेर पडायला वाट राहत नाही. रेडिएटर उतरवून उलट्या दिशेने पाणी मारून धुवावा, नळ्या बुजलेल्याच असतील तर नवा कोअर घालून घ्यावा, ब्लॉकच्या खालचा नळ काढून आतला गाळ तारेने मोकळा करावा आणि त्यानंतर केवळ डिस्टिल्ड वॉटर व कूलंट वापरावे. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, काढून टाकण्याची पद्धत अनेक गॅरेजांत आहे, ती मला मान्य नाही. थर्मोस्टॅट नसलेले इंजिन डिसेंबरच्या सकाळी बराच वेळ गारच राहते, ऑइलमध्ये पाण्याचा अंश साचतो आणि झीज वाढते. थर्मोस्टॅट पातेल्यातल्या पाण्यात दोऱ्याने टांगून पाणी तापवावे, सुमारे ८० ते ८५ अंशांच्या आसपास तो उघडू लागला तर तो ठीक आहे. तापलेल्या इंजिनात गार पाणी कधीही ओतू नये, फियाटचे हेड यानेच वाकते.

भर दुपारी गाडी थांबवून चहा घेतला आणि परत आल्यावर ती सुरू होईना, असे झाले तर पंपात पेट्रोलची वाफ धरली आहे. पंपावर ओले फडके ठेवून दहा मिनिटे थांबले की गाडी सुरू होते. कायमचा उपाय म्हणून पंप आणि एक्झॉस्ट यांच्यामध्ये पत्र्याची आड बसवावी.

गाडी छपराखाली ठेवावी आणि तिच्यावर प्लास्टिकचे आच्छादन घालू नये, कारण त्याखाली ओल कोंडते. सोलापुरात राहून सुती आच्छादनासाठी दूर जाण्याची गरज नाही. खळ निघून जाईपर्यंत धुतलेल्या दोन मोठ्या चादरी शिवून जोडल्या की उत्तम आच्छादन होते. मात्र ते धुळकट रंगावर ओढू नये, आधी गाडीवरची धूळ पिसांच्या झाडणीने झटकावी. बॅटरीची एक तार सोडून ठेवावी आणि उंदरांनी वायरिंग कुरतडले नाही ना, हे बॉनेट उघडून आठवड्यातून एकदा पाहावे. गाडी जागेवर पाच मिनिटे चालू करून बंद करणे हे न चालवण्यापेक्षा वाईट आहे, कारण तेवढ्या वेळात सायलेन्सरमध्ये पाणी जमते पण ते उडून जात नाही. पंधरा दिवसांतून एकदा १५-२० किलोमीटर चालवावे.

पहिली लांबची फेरी

दुरुस्तीनंतरची खरी परीक्षा तुळजापूरच्या रस्त्यावर होते. अंतर सुमारे ४५ किलोमीटर आहे आणि शेवटी घाट आहे, म्हणजे सपाटीवरची धाव आणि चढावरचा दम ही दोन्ही एकाच फेरीत दिसतात. दिवाळीनंतरची किंवा जानेवारीतल्या गड्डा यात्रेच्या दिवसांतली गार सकाळ निवडावी, सोबत फॅन बेल्ट, पॉइंट, कंडेन्सर, एक पाइप, पाण्याचा कॅन आणि पान्यांचा संच घ्यावा. वेग ताशी ५० ते ६० किलोमीटर ठेवावा. महामार्गावर मागून येणाऱ्या ट्रकला आपल्या गाडीचे ब्रेक दिवे अंधूक दिसतात हे ध्यानात ठेवून डावी बाजू सोडू नये. घाट चढताना इंजिनाला ओढ लागायच्या आतच गिअर खाली घ्यावा आणि तापमानाच्या काट्याकडे लक्ष ठेवावे. काटा सतत वरच चढत राहिला तर रस्त्याच्या कडेला थांबून इंजिन मंद चालू ठेवावे, म्हणजे पंखा आणि पाणी फिरत राहते. उतरताना ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरावे, सतत ब्रेकवर पाय ठेवला की ड्रम तापून ब्रेक लागेनासे होतात. घाटाच्या पायथ्याशी थांबून चारही चाकांच्या मध्यभागाजवळ हाताचा पालथा तळवा न टेकवता धरून पाहावा. चारही सारखी गरम असतील तर पुढे निघावे. एकच चाक इतरांपेक्षा खूप गरम लागले तर त्याचा ब्रेक धरतो आहे, सोलापूरपर्यंत ब्रेकचा वापर कमीत कमी करत सावकाश परत यावे आणि त्या चाकाचा ड्रम दुसऱ्याच दिवशी उघडावा.